आपुलकीला माणूस नेमावा लागतो



28 जुलै 1954 ला दादरा-नगर हवेलीतली नरोली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. हा इतिहास नरोलीला बाहेरच्याने येऊन सांगू नये. त्याचं पुढचं प्रकरण मात्र फारसं कोणाच्या लक्षात नसतं. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या आमच्या मुलखात जाण्यायेण्याची वाट हा आमचा हक्क आहे. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, सैन्यापुरता नव्हता, आणि वाट अडवण्यात भारताकडून काही आगळीक झालेली नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे हक्क मान्य, वाट बंद. पोर्तुगालच्या बाबतीत झालं ते उत्तमच झालं. पण आपल्यातल्याच काही माणसांची नेमकी हीच अवस्था आपण करून ठेवली आहे, आणि आजचा विषय ती माणसं आहेत: ऑटिझम असलेली, अठरा वर्षं ओलांडलेली माणसं, आणि त्यांना चारचौघांसारखं गावात, वस्तीत राहता यावं म्हणून लागणारी मदत.

आधी कागद पाहू. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो घेतला. 2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. त्या कराराचं कलम 19 सगळं वस्तीत राहण्याच्या हक्काबद्दलच आहे. त्याला धरून 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, प्रकार 21 झाले, ऑटिझम त्यांत स्पष्ट नावानिशी आला. या कायद्याचं कलम 5 छोटं आहे, पण सावकाश वाचण्यासारखं आहे. पहिल्या ओळीत ते सांगतं, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. पुढे सांगतं, की अमुक एका ठिकाणीच राहा अशी तिच्यावर सक्ती नसावी, आणि घरपोच, निवासी व वस्तीतल्या इतर आधारसेवा, त्यांत व्यक्तिगत मदतनीससुद्धा, तिला मिळाव्यात. सगळं आलं. फक्त या पुढच्या भागाचं क्रियापद पाहा: सरकार त्यासाठी ‘प्रयत्न करील’. हक्काला ‘आहे’ आणि सेवेला ‘प्रयत्न’. एवढ्याशा क्रियापदातून अख्खी माणसं निसटतात.

ती निसटतात, कारण आपली सगळी यंत्रणा लहान मुलाच्या मापाने शिवलेली आहे. 1943 मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ज्यांची हकिगत लिहिली, ती अकरा मुलंच होती. तेव्हापासून ऑटिझम म्हटलं की डोळ्यांपुढे मूलच येतं. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला तो इथून जवळच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला. शाळा-अंगणवाडीत जाऊन तपासणी करायची, वाढीतल्या अडचणी हेरायच्या, त्यांत ऑटिझमही. चांगला कार्यक्रम आहे. वयोमर्यादा: जन्मापासून अठरापर्यंत. त्या वर्षी दहा वर्षांचं असलेलं मूल 2021 मध्ये अठराचं झालं आणि कार्यक्रमाच्या वहीतून बाहेर पडलं. 2018 मध्ये भारतातल्या पाच भागांतला मेंदूविकासाच्या अडचणींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर गोवा त्यांतला एक भाग होता. त्यानेही दोन ते नऊ वर्षांचीच मुलं पाहिली. 2011 च्या जनगणनेने दिव्यांग मोजले, 2 कोटी 68 लाख, पण ऑटिझमला रकानाच नव्हता. दाखल्यासाठी वापरली जाणारी इसा ही भारतीय मोजपट्टी 40 मुद्द्यांची आहे. त्यांतला एक मुद्दा, हा एकटाच तेच तेच खेळत बसतो का, असा आहे. पस्तिशीतल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी कसा विचारायचा, हे त्या डॉक्टरलाच ठाऊक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 मध्ये जगात दर 127 माणसांमागे एकाला ऑटिझम होता. मुलांमागे नव्हे, माणसांमागे. ऑटिझम अठराव्या वाढदिवसाला उतरत नाही. उतरतात त्या योजना.

शब्दाचाही थोडा दोष आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी दुसऱ्याच एका आजाराच्या संदर्भात घडवला, ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मराठीने त्याचं इमानदारीने ‘स्वमग्नता’ केलं. शब्द सुरेख आहे, आणि म्हणूनच घातक. स्वमग्न म्हटलं की हा माणूस आपल्यातच रमलेला आहे, त्याला कोणाची गरज नाही, असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात कित्येकांना माणसं हवी असतात. त्यांना माणसांचे न बोललेले नियम कळत नाहीत, आणि आपल्याला त्यांचे. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिझम असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 मध्ये हेच मांडलं, की समजुतीची अडचण दुतर्फा आहे. ‘हे जरा बघून घे’ असं आपण सहज सांगतो. सांगितल्याप्रमाणे बघत उभ्या राहिलेल्या माणसाला आपण मूर्ख ठरवतो. आपलं वाक्य कोणी तपासत नाही.

आता माझा मुद्दा. गावाने सामावून घेतलं की प्रश्न सुटतो, असं एक मत आहे. संस्था काढली की प्रश्न सुटतो, असं दुसरं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. आपुलकी लागतेच, पण आपुलकीला माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि त्याने काम केलं नाही तर कोणाला जाब विचारायचा हे ठरलेलं असावं लागतं. कॅनरच्या अकरा मुलांतल्या पहिल्याचंच आयुष्य पाहा. डोनाल्ड ट्रिप्लेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात 1933 मध्ये जन्मला. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं. साधारण वर्षभराने, तिथल्या डॉक्टरांचं न ऐकता, आईवडिलांनी घरी आणलं. पुढे काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्या जोडप्याने जे केलं, ते कॅनरनी नंतर कौतुकाने नोंदवलं आहे. पोराला मोजण्याचं वेड. सतत काहीतरी मापत असायचा. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मापून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. मेलेले पक्षी गोळा करायचा, तर त्यांना पुरायला जागेचा एक तुकडा दिला. वेड काढून टाकायच्या भानगडीत ते पडले नाहीत, वेडाला काम दिलं. पुढे डोनाल्डने फ्रेंच विषयात पदवी घेतली, गावातल्या बँकेत नोकरी केली, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला, आणि 2023 मध्ये, 89 व्या वर्षी, आपल्याच गावात वारला.

ही गोष्ट सांगून थांबलं की सभेत टाळ्या पडतात. पण थांबू नये. ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. आईवडिलांनी त्याच्या नावे विश्वस्त निधी ठेवला होता. गाव चांगलं होतं हे खरं; पण गावाच्या चांगुलपणाखाली पैशाचा पक्का पाया होता. त्याच गावात एखाद्या मजुराच्या घरी असा मुलगा जन्मला असता, तर तेवढ्याच प्रेमळ शेजाऱ्यांनी त्याचं काय केलं असतं, याचं उत्तर या गोष्टीत नाही. आणि नरोलीत प्रश्न त्या मुलाचा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरगुती. आपल्याकडे कुटुंब आहे, पाडा आहे, कोणी उपाशी राहत नाही. हे परदेशी खूळ कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. शेतीच्या, गुरांच्या कामात, जिथे रोज तीच वाट आणि तीच माणसं, तिथे ऑटिझम असलेला माणूस फारसा खुपत नाही. कित्येकदा नाव न देताच सामावला जातो. पण दादरा-नगर हवेली आता तशी राहिलेली नाही. 2011 च्या जनगणनेत इथे हजार पुरुषांमागे 774 स्त्रिया होत्या. हा आकडा स्थलांतराचा आहे: कामासाठी आलेले, घरदार मागे ठेवलेले पुरुष. जे कुटुंब घेऊन आले, ते चाळीच्या एका खोलीत राहतात. आजी गावाकडे, काका दुसऱ्या राज्यात, नवरा कंपनीत पाळीवर, आणि खोलीत आई व तिच्याहून उंच झालेला मुलगा. बाजूच्या खोलीतली माणसं दर वर्षाला बदलतात. इथे ‘कुटुंब आहे’ याचा अर्थ ‘एक बाई आहे’ एवढाच होतो. मुलगी असेल तर आणखी वेगळं. तिचं दार लवकर बंद होतं, आणि सल्ला ठरलेला असतो: लग्न लावून द्या, ठिकाणावर येईल. आणि कुटुंब कितीही भक्कम असलं, तरी आईबाप मुलाच्या आधी जायचे हा निसर्गक्रम आहे. पालकांच्या कुठल्याही बैठकीत शेवटी येणारा प्रश्न एकच असतो: आमच्यामागे याचं कसं होणार?

मग मदत म्हणजे नेमकं काय? जवळ जाऊन पाहू. समजा, इथल्या एका पंचविशीतल्या तरुणाला सुताच्या कारखान्यात काम मिळालं: तयार कोन पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचे, मोजून. मोजण्यात तो चुकणार नाही. अडचण कामाच्या आधी आणि नंतर आहे. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही. किती वेळ थांबायचं ते कोणी सांगत नाही. सुटे नसले की रिक्षावाला ‘राहू दे, उद्या दे’ म्हणतो, आणि हा हिशेब उद्यापर्यंत डोक्यात गरगरत राहतो. यंत्राचा आवाज आपल्याला सवयीने ऐकू येईनासा होतो, त्याला होत नाही. सुपरवायझर ‘लवकर आटप’ म्हणतो. लवकर म्हणजे किती वाजता? आधार देणाऱ्या माणसाचं काम इथे आहे. पहिले पंधरा दिवस शेजारी बसून जायचं. नंतर रिक्षात मागे. नंतर नाक्यापर्यंत. नंतर फक्त फोन. सुपरवायझरला सांगायचं, की वेळ घड्याळात सांगा, काम लिहून द्या, कानावर लावायला आवाज अडवणारी साधी कानपट्टी द्या. जेवणाच्या सुट्टीत त्याला एकट्याने बसू द्या, तो रागावलेला नाही. यात औषध नाही, महागडं यंत्र नाही. चिकाटीने करायचं, कंटाळवाणं, माणसाचं काम आहे. म्हणूनच ते ‘शेजारीपाजारी बघतील’ यावर सोडता येत नाही. शेजारी पहिले दोन दिवस येतील. सोळाव्या दिवशी कोण येणार?

असं काही खरोखर चालतं का, याला पुरावा आहे. अमेरिकेत 1996 मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झालं. पुढे व्हर्जिनियात ऑटिझम असलेल्या तरुणांवर त्याची रीतसर चाचणी घेतली. 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरुणांना आधी शिकवून मग कामावर पाठवायचं, असं न करता रुग्णालयातच महिनोन्‌महिने प्रत्यक्ष कामावर ठेवलं, सोबत जाणकार मदतनीस दिला. त्या 24 पैकी 21 जणांना रीतसर नोकरी लागली. ज्यांना नेहमीचीच शालेय मदत मिळाली, त्या 16 पैकी एकाला. गट लहान होते, देश श्रीमंत होता, हे मान्य. तरी 21 आणि 1 यांतलं अंतर देशाच्या श्रीमंतीने समजावता येत नाही, कारण दोन्ही गट त्याच देशातले होते. फरक होता तो प्रत्यक्ष कामाचा आणि सोबतच्या माणसाचा. सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलसारख्या मोठ्या रुग्णालयात चादरी मोजणं, साहित्य लावणं, नोंदी जागच्या जागी ठेवणं, अशी ठरीव कामं काही थोडी नसतात. मुंबईत जुहूला कॅफे अर्पणमध्ये ऑटिझम आणि तशाच इतर अडचणी असलेली मोठी माणसं गिऱ्हाइकांना खाणं देतात, हिशेब करतात. तिथे जाणारे लोक दया करायला जात नाहीत, भूक लागली म्हणून जातात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो अनेक पालकांचाच आहे. तुम्ही बोलता ते मोजता-बोलता येणाऱ्यांचं. ज्याला शब्द नाहीत, जो स्वतःला मारून घेतो, ज्याला रात्री झोप नाही, त्याला रिक्षात कुठे बसवता? त्याला संस्थाच हवी. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. महाराष्ट्रात याच गरजेतून फार जिद्दीचं काम उभं राहिलं आहे. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे, मुळशीत कोळवणला साधना व्हिलेज आहे. दोन्हीकडे बौद्धिक अडचणी असलेली मोठी माणसं राहतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्या पालकांना दुसरा कुठलाच दरवाजा उघडा नव्हता, त्यांनी स्वतःच्या हाताने दरवाजा बांधला. पण या संस्थांकडूनच एक गोष्ट शिकता येते. साधना व्हिलेजमध्ये माणसं एका मोठ्या दालनात नव्हे, घरासारख्या छोट्या गटांत राहतात आणि भोवतालच्या गावांशी त्यांचं येणंजाणं आहे. म्हणजे चांगली संस्था जितकी चांगली होत जाते, तितकी ती संस्थेसारखी कमी आणि घरासारखी जास्त दिसू लागते. मग तेच घर नरोलीत, चार-पाच जणांचं, भाड्याच्या जागेत, दिवसरात्रीच्या मदतनिसांसह का नसावं? जास्त मदत लागणाऱ्याला दूर पाठवल्याने त्याची मदत कमी होत नाही. फक्त आईला भेटायला एक दिवसाची रजा काढावी लागते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ आणि ‘समर्थ’ या योजना कागदावर अशाच निवासासाठी आणि पालकांना काही दिवस उसंत मिळावी म्हणून आहेत. ‘अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नसावी’ या कलम 5 च्या शब्दांना अर्थ येतो तो निवडायला किमान दोन जागा असल्या तर. 

पैसा कुठून आणणार, हा तिसरा आक्षेप. त्याला उत्तर देण्याआधी आज काय देतो ते पाहू. केंद्राचं इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन महिना 300 रुपये आहे, 2012 पासून तेवढंच. दिव्यांगत्व 40 टक्के झालं की कायद्याने माणूस लाभाला पात्र. पण या 300 रुपयांसाठी 80 टक्के लागतं, शिवाय दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनाची रक्कमही 300 च आहे. आणि 2016 च्या कायद्याचं कलम 24 म्हणतं, की इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के अधिक मिळावं. तीनशेचे 25 टक्के म्हणजे पंचाहत्तर. कायद्याने ठरवलेले पंचाहत्तर रुपये जिथे मिळत नाहीत, तिथे पैशाअभावी सेवा नाही हे म्हणणं मला पटत नाही. राज्यं आपापली भर घालतात, हे खरं. पण भत्ता कितीही वाढवला तरी भत्ता रिक्षात शेजारी बसत नाही.

आणि माणूस नेमणं या देशाला अशक्य आहे का? 2005 मध्ये आशा कार्यकर्ती आली, साधारण हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावातली बाई. बाळंतपण हा घरातला मामला, सुईण आणि सासू बघतील, असंच तेव्हाही म्हणत होते. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं 39 टक्के होती, दहा वर्षांनी 79 टक्के. सगळं श्रेय आशाचं नाही. पैसे मिळाले, रुग्णवाहिका आल्या. पण बाईला दवाखान्यापर्यंत नेणारं ओळखीचं माणूस होतं, ही त्यातली कळीची गोष्ट. आशांना पगार न देता कामागणिक मोबदला देण्याची चूक मात्र इथे पुन्हा करू नये. ज्या कामात सोळाव्या दिवशी जायचं असतं, ते काम नगावर मोजता येत नाही. इंग्लंडने 2009 मध्ये ऑटिझमसाठी स्वतंत्र कायदा केला, तो मुख्यत्वे मोठ्या माणसांसाठी. स्थानिक यंत्रणांनी काय करायचं याचे निर्देश काढणं त्याने सरकारला बंधनकारक केलं. तिथलं सगळं सुरळीत आहे असं नाही. पण निदान कोणाच्या दारावर जायचं, ते ठाऊक असतं.

आपल्याकडे अठराव्या वर्षी दार एकच उघडं सापडतं, ते पालकत्वाचं. मूल सज्ञान झालं की आईबापांचा कायदेशीर अधिकार संपतो, बँक सहीसाठी अडते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज जातो. अनेकांना ते आवश्यक आहे. पण राज्य या माणसाला सज्ञान म्हणून पहिल्यांदा भेटतं आणि पहिला प्रश्न विचारतं तो, ‘याच्या वतीने सही कोण करणार?’ हे मला खटकतं. 2016 चा कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा करतो, तेही त्या माणसाशी विचारविनिमय करून, त्याच्यासोबत निर्णय घ्यायचे. ऑटिझम असलेली मोठी माणसं जगभर हेच सांगत आली आहेत, की आम्हाला बरं करू नका, विचारा. बोलणाऱ्यांचं म्हणणं न बोलणाऱ्यांना लागू होत नाही, असं पालक म्हणतात, आणि त्यांचा अनुभव मोठा आहे. तरी न बोलणाराही ताट सरकवतो, दाराकडे बोट करतो, अमुक माणूस आला की कानावर हात ठेवतो. रोज सोबत असणाऱ्याला ते वाचता येतं. समितीच्या बैठकीत ते वाचता येत नाही.

म्हणून सुरुवात पंचायतीच्या वहीपासून करावी. अठरावरची अशी माणसं किती, घरात किती, कामावर किती, त्यांच्यासोबत कोण. त्यांतल्या दहा-बारा जणांमागे एक प्रशिक्षित, पगारी, याच भागातला माणूस. पुरुष आणि बाई दोन्ही. त्याच्यावर लक्ष ठेवायला पालक आणि ऑटिझम असलेल्या माणसांपैकी कोणीतरी. मघाच्या तरुणाचं सगळं नीट बसलं, तो दोन वर्षं बिनबोभाट कामावर गेला, मदतनिसाची गरज फोनपुरती उरली, असं धरा. एका सोमवारी कंपनी पाळी बदलते: दिवसाऐवजी रात्र. त्याला ते फाटकावर कळतं, आणि तो तिथेच जमिनीवर बसून राहतो. हा निरोप तीन दिवस आधी कोणाच्या फोनवर जायला हवा होता, त्याचं नाव आणि नंबर सुपरवायझरच्या टेबलावर आज चिकटवलेला असला पाहिजे.